चिलटाला सीमा नाही!

२०११ साली जर्मनी व नेदरलँड्समधील गाईंना ताप आला, दूध आटले, आणि थोड्याच दिवसांत त्या बऱ्याही झाल्या. नोव्हेंबरात जर्मन शास्त्रज्ञांनी विषाणू हुडकला. त्यास श्मालेनबर्ग या गावाचे नाव मिळाले. खरा घाव बसला तो हिवाळ्यात. सांधे आखडलेली, कणा वाकलेली कोकरे जन्मू लागली, कित्येक मेलेलीच! कित्येक आठवड्यांपूर्वी गाभण मेंढीस चिलट चावले, त्याचे हे फळ. कोकरू जन्मल्यावर उपाय उरत नाही. सावध व्हायचे ते आधीच.

हे ओळखून जर्मन संशोधकांनी आपली चाचणी शेजारी देशांस देऊन टाकली. २०१३ मध्ये लसही आली. दोन महायुद्धांत एकमेकांवर तोफा डागलेल्या राष्ट्रांनी येथे सीमा आडवी आणली नाही!

हा विषाणू आपल्या दारी आला असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच कुळातील चिलटे मेंढ्यांत नीलजिव्हा रोग पसरवितात, आणि तो महाराष्ट्रात १९६४ सालीच नोंदला गेला आहे. सीमेच्या दोन्ही अंगांस मेंढरे चरतात. त्यांच्या धन्यास रोगाची सूचना मायबोलीत व वेळेवर मिळावी, ही मागणी ज्यांस फुटीरपणाची वाटते, त्यांस आमचा सवाल आहे: मेंढपाळास वाचता न येणारे परिपत्रक कोणाच्या रक्षणासाठी?

पावसाळ्यापूर्वी सीमाभागातील प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात मराठी सूचनापत्रक लागलेच पाहिजे. गावोगावच्या पंचायतींनी तसे ठराव करावेत, आणि ते आजच!