नळी निळी राहिली, तरी रक्त तपासा

नर्सिंगचा डिप्लोमा करताना बेनेडिक्टचं द्रावण आमच्या रोजच्या हातातलं. नळीत पाच मिली निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि उकळायचं. द्रावणात मोरचूद असतं. साखर असली की त्यातल्या तांब्याचा रंग पालटतो. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, केशरी, विटकरी अशी चढती साखर.

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका मावशींच्या पायाची जखम पाहिली. दोन महिने भरत नव्हती. "मला साखर नाही गं, शिबिरात तपासलीय," म्हणाल्या. चिठ्ठी पाहिली, तर तपासणी फक्त लघवीची. रक्त तपासायला लावलं. उपाशीपोटी साखर १७२. परत तपासली, तरी तेवढीच.

शिबिरातली तपासणी खोटी नव्हती, अपुरी होती. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली, तरच ती लघवीत उतरते. म्हाताऱ्या माणसांत त्याहून वर गेली तरी कधीकधी उतरत नाही. आणि मधुमेह तर उपाशीपोटी १२६ पासूनच धरतात. मधली सगळी माणसं निसटतात. नळीऐवजी आता पट्टी आली, तरी ही अडचण तीच.

उलटही होतं. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या लघवीत दुधातली साखर येते, त्यानेही बेनेडिक्टचा रंग बदलतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. ती गोळी घेणाऱ्याने लघवी तपासून घाबरू नये.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. शिबिर घेणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण अर्धी तपासणी खोटा धीर देते, आणि त्या धीरापायी माणूस पाय गमावू शकतो. वस्तीसाठी स्वस्तातलं चालतं, हे आपणच चालवून घेऊ नये. विहारात शिबिर ठरलं, तर कार्यकर्त्यांनी आधी विचारावं : रक्त तपासणार का? नसेल, तर "साखर नाही" असं चिठ्ठीवर लिहू देऊ नका.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आशाताईला विचारा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना सोबत न्या. चिठ्ठी हातात आली की मुलांकडून वाचून घ्या : रक्त की लघवी?