पाणी सर्वांचे, मग शीड कोणाचे?

हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 26 सप्टेंबर 2023 रोजी नेहा ठाकूर या 17 वर्षांच्या मुलीने शिडाच्या होडीच्या शर्यतीत भारताला रौप्यपदक मिळवून दिले. गट होता मुलींचा, होडी आयएलसीए-4 वर्गाची, म्हणजे एकटीने हाकायची. नेहा मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची लेक. तिच्या राज्याला समुद्रकिनाराच नाही. मग ती दर्यावर कशी पोहोचली? भोपाळच्या मोठ्या तलावावरील नॅशनल सेलिंग स्कूलमुळे. होडी, शीड आणि प्रशिक्षक शासनाच्या आश्रयाने मिळाले, तेव्हा शेतकऱ्याच्या पोरीचे कसब जगाला दिसले.

हा खेळ श्रीमंतांचा, असे आपल्याला कायम सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. खेळाची साधने श्रीमंतांची आहेत, कसब नव्हे. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 साली निघाला, पण त्याच्या कितीतरी आधी या किनाऱ्यावर शीड उभारले ते कोळ्यांनी, भंडाऱ्यांनी, गाबितांनी. शिवरायांच्या आरमारात मायनाक भंडारी आणि दौलतखान होते. धर्मशास्त्राने सिंधुबंदी सांगितली, पोथीवाल्यांनी ती पाळली; बहुजनांनी मात्र समुद्र पोटाशी धरला. आज त्याच शिडाला खेळाची प्रतिष्ठा आली आणि दर्यावर्दींची लेकरे क्लबच्या कुंपणाबाहेर उभी राहिली!

पाणी कोणाचे, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे सांगण्यासाठी. पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क त्या पिढीने मिळवला. त्याच पाण्यावर खेळण्याचा, जिंकण्याचा हक्क ही त्याच्या पुढची पायरी आहे.

याबाबतीत कोल्हापूरने तरी कोणाकडून शिकावे? शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारले आणि मल्लांना राजाश्रय दिला. गरिबाचा पोरगा आखाड्यात उतरला, कारण खुराकाची चिंता त्याच्या बापाच्या एकट्याच्या माथी नव्हती. हेच तत्त्व आजही खरे ठरते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले. नेमबाजीही महागडीच. पण शिक्षकाचा हा मुलगा 2009 मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि पुढची वाट उघडली. बंदुकीसाठी जे जमले, ते होडीसाठी का जमू नये?

या खेळाचा एक नियम आमच्या शिक्षणखात्याने अभ्यासावा. शर्यतीत पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन; ज्याचे गुण कमी तो वरचढ. नेहाने 11 शर्यतींत 32 गुण घेतले. त्यातली सर्वांत वाईट शर्यत, पाच गुणांची, नियमाप्रमाणे वगळली गेली आणि उरले 27. म्हणजे एक वाईट दिवस खेळाडूला माफ असतो. आमच्या वस्तीतल्या मुलांना हा एक दिवस कोण माफ करतो? एकदा नापास झाले की शाळा सुटते, एक हंगाम बुडाला की पोरगी शेतमजुरीला जाते. सवलत म्हणून ज्याची हेटाळणी होते, ती याहून वेगळी काय असते? पडलेल्याला पुन्हा उभे राहण्याची संधी, एवढेच.

म्हणून मागणी साधी आहे. रंकाळा, कळंब्यासारख्या तलावांपैकी योग्य ते पाणी तज्ज्ञांकडून तपासून घेऊन तेथे शिडाच्या होड्यांचे शासकीय केंद्र सुरू करावे. शिडाला वारा लागतो, तेल लागत नाही; पाणी बाटत नाही. निवड जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांतून व्हावी, वसतिगृह आणि आहार मोफत असावा, मुलींना निम्म्या जागा असाव्यात. समाजकल्याणचा निधी अखर्चित ठेवण्यापेक्षा तो येथे लावावा. कार्यकर्त्यांनीही निवेदनांच्या यादीत हा विषय घ्यावा. जयंतीच्या मिरवणुकीतील झेंड्याला वारा कळतो; आपल्या लेकरांच्या शिडालाही तो कळू द्या.