आपल्यात खानदानीच हाय

पंगतीत शेजारच्या ताटाकडे माझं लक्ष जातंच. परवा निलंग्यातल्या एका लग्नात शेजारी पस्तिशीतला गडी होता. निलंगा राईस दोनदा घेतला, वर बुंदी. चुलत्यानं हटकलं, "आरं, जरा दमानं. तुझ्या बापाला शुगर हाय." तो म्हणाला, "मग काय करावं काका? आपल्यात खानदानीच हाय. आज ना उद्या व्हनारच." आसपासच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला जास्त राग आला तो त्या मानांचा.

बापाला असली की लेकाचा धोका वाढतो, हे खरं. पण धोका म्हणजे निकाल नव्हे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्याकडून चालणं आणि खाण्याचा नेम करून घेतला, त्यांच्यात ३९ जणांना. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासात, धोका वाढवणारं जनुक अंगात असलेल्यांनाही व्यायामाचा आणि वजन घटवण्याचा फायदा झाला.

शिवाय खानदानातून नुसतं रक्त येत नाही, सवयीही येतात. त्या गड्याचा आजा शेतावर पायी जात असणार. आता शेतातली पाण्याची मोटारसुद्धा घरात बसून मोबाइलवरून चालू होते. गोड चहा मात्र दिवसातून चार वेळा होतोच.

आणि हा वारसा सुरू होतो आईच्या पोटात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची लेकरं अभ्यासली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे हातपाय काडीसारखे, स्नायू कमी, चरबी मात्र फारशी कमी नाही. म्हणून "मी काटक हाय, मला कशाची शुगर" हेही खरं नाही. त्याच गावांत, ज्या आया पालेभाजी, फळं आणि दूध जास्त खात होत्या, त्यांची बाळं वजनानं भरलेली होती.

हे वाचल्यापासून माझं मन त्या आयांच्या ताटातच अडकलंय. आपल्याकडे गरोदर सून सगळ्यांच्या मागून जेवते. तोवर भाजीच्या पातेल्यात रस्सा उरतो, दूध चहात संपलेलं असतं. पूर्वी निदान बांधावरचा तांदुळजा, घोळ, पाथरी ओट्यात खुडून आणायची सोय होती. आता सोयाबीनवर तणनाशक फिरतं, त्यात ती भाजी जाते. बाजारातली मेथीची जुडी महाग झाली की पहिली कात्री तिच्यावरच. डोहाळजेवणाला एक दिवस ताट सजवायचं आणि बाकीचे नऊ महिने तिनं खरवड खायची, हे मला बघवत नाही.

ओळखीतल्या एका सासूबाईंना हे बोलले. त्या म्हणाल्या, "आमी बी तसंच काढलं की, बाई." त्यांनी कसं काढलं ते मला माहीत आहे, म्हणून वाद घातला नाही. सुनेला आधी जेवायला बसवा म्हटलं, आणि तिची शुगर तपासून घ्या म्हटलं. गरोदरपणात आईची शुगर वाढली तर लेकराचाही धोका वाढतो. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात. पहिल्या तपासणीला एकदा, आणि तेव्हा ठीक निघालं तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा.