आतून पाहिल्यावाचून निवाडा नको

एकच टायर दोन दुकानांत नेला असता त्याविषयी दोन परस्परविरुद्ध निवाडे मिळतात, ही गोष्ट आपल्या व्यवसायातील कोणासही नवी नाही. पंक्चर काढणारा म्हणतो की, यात विशेष काही नाही, दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर येईल. नव्या टायरांचा विक्रेता मान हलवून सांगतो की, हा आता कामातून गेला. आणि गिऱ्हाईक या दोघांपैकी कोणावरही विश्वास न ठेवता आपल्या खिशाला जो निवाडा सोयीचा पडेल तोच प्रमाण मानून मोकळे होते. गिऱ्हाइकाला यात दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला दुरुस्ती केली तरच पैसे मिळतात त्याला दुरुस्ती शक्य दिसावी, आणि ज्याला विक्री झाली तरच पैसे मिळतात त्याला बदल अपरिहार्य दिसावा, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यात लबाडीचा अंश मुळीच नसला तरी परिणाम मात्र लबाडीहून फारसा निराळा होत नाही. पावसाळा तोंडावर आला असून रस्त्यांवरील खड्डे लवकरच आपल्या दुकानांपुढे गाड्यांच्या रांगा उभ्या करणार आहेत. अशा वेळी मोटारीचा टायर निकामी ठरवावा तो कोणत्या आधारावर, आणि तो ठरविण्याचे कष्ट कोणाच्या हिशेबी मांडावेत, या दोन प्रश्नांची चर्चा अगोदरच होऊन गेलेली बरी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते एका नियमात सामावते, आणि बाकीचे सर्व नियम त्यातूनच निघतात: टायर रिमवरून उतरवून आतून पाहिल्यावाचून त्याच्याविषयी कोणताही निवाडा देऊ नये, अनुकूलही नाही आणि प्रतिकूलही नाही. हा नियम ऐकून मान डोलावणारे पुष्कळ आहेत, पाळणारे थोडे. ट्यूबलेस टायर प्रचारात आल्यापासून चाक गाडीवरच ठेवून, खिळा उपटून, भोकात चिकट स्ट्रिप खुपसून, वरचे टोक पात्याने कापून दुरुस्ती झाल्याचे जाहीर करण्याची जी रीत पडली तिच्यामुळे टायर उतरविण्याची गरजच संपली, असा समज कारागिरांच्या एका संपूर्ण पिढीत रुजला आहे. ट्यूबच्या जमान्यात ट्यूब बाहेर काढण्यासाठी टायर उतरवावाच लागे, आणि त्या निमित्ताने का होईना, उस्तादाचा हात टायरच्या आतून एकदा फिरत असे. सोय वाढली आणि तपासणी गेली.

आत असे काय असते की जे बाहेरून कळत नाही? आजच्या रेडियल टायरच्या सर्वांत आतल्या बाजूस हॅलोब्युटिल रबराचा एक पातळ अस्तर-थर असतो, आणि टायरमधील हवा कोंडून धरण्याचे काम वस्तुतः तोच करतो. त्याच्या बाहेर एका बीडपासून दुसऱ्या बीडपर्यंत आडवे गेलेले, बहुधा पॉलिएस्टरच्या धाग्यांचे कवच असते. त्या कवचावर, फक्त ट्रेडच्या खाली, पोलादी तारांचे पट्टे असतात. आणि सर्वांवर झिजण्यासाठी दिलेले ट्रेडचे जाड रबर. पोलाद आणि रबर यांचे मुळात सख्य नाही. ते जुळावे म्हणून तारांवर पितळेचा अत्यंत पातळ मुलामा देतात, आणि व्हल्कनीकरणाच्या वेळी रबरातील गंधकाचा पितळेतील तांब्याशी संयोग होऊन जो सूक्ष्म थर तयार होतो त्याच्या बळावर तार रबराला धरून राहते. टायरच्या आयुष्याचा पाया हा थर आहे, आणि पाणी हा त्याचा मोठा शत्रू आहे. खिळ्याने केलेले भोक स्ट्रिपने वरवर बुजले तरी तिच्या कडेने पावसाचे पाणी पट्ट्यांपर्यंत झिरपू शकते, तारा गंजू लागतात, आणि गंज तारेच्या लांबीने पसरत जाऊन रबराची पकड सोडवतो. दुसऱ्या बाजूने अस्तर-थराचे भोक उघडेच राहिले असेल तर आतली दाबलेली हवा बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळे टायरच्या थराथरांमध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांपासून विलग करते. हवा कमी होत नाही, काटा बरोबर आकडा दाखवतो, गिऱ्हाईक समाधानी असते. आणि टायर आतून सुटत असतो.

म्हणूनच योग्य दुरुस्ती म्हणजे भोक भरणे आणि अस्तर सांधणे ही दोन्ही कामे एकत्र होय. इजेच्या मार्गानेच कटर फिरवून भोक साफ करावे, अस्तराचा तेवढा भाग मंद गतीने घासावा, सोल्युशन लावून ते पुरते वाळू द्यावे, मशरूम पॅचचा दांडा आतून बाहेर ओढून घ्यावा, पॅचवर मध्यापासून कडेकडे रोलर फिरवून हवा काढावी, आणि घासलेल्या उघड्या भागावर सीलर द्यावा. या कामास अर्धा-पाऊण तास लागतो. सोल्युशन वाळण्याची वाट न पाहणारा कारागीर आमच्या मते स्ट्रिप खुपसणाऱ्याहून अधिक घातक आहे, कारण त्याच्या कामावर गिऱ्हाईक अधिक भरवसा ठेवते.

दुरुस्तीची मर्यादाही या रचनेतूनच येते. मोटारीच्या टायरमध्ये भोक साफ केल्यानंतर त्याचा व्यास 6 मिलीमीटरहून अधिक भरू नये, आणि ते ट्रेडच्या मधल्या भागात असावे. ब्रिटिश प्रमाणकात तर हा भाग ट्रेडच्या रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांशापुरताच मानला आहे. माप साफ केलेल्या भोकाचे घ्यावयाचे, खिळ्याचे नव्हे, ही खूणगाठ प्रत्येकाने बांधावी. बारीक स्क्रूने तिरका प्रवास करून पट्ट्याच्या तारा किती तोडल्या आहेत हे कटर फिरल्यावरच कळते. दोन दुरुस्त्यांचे पॅच एकमेकांवर येत असतील तर दुसरी दुरुस्ती नाकारावी.

खांद्याची आणि साइडवॉलची दुरुस्ती मात्र करूच नये, मग भोक सुईएवढे का असेना. ट्रेडखाली पोलादी पट्टे असल्यामुळे तो भाग तुलनेने स्थिर राहतो. साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते, कारण गाडीचा भार झेलून तो मवाळ करणे हेच तिचे काम. तिथे लावलेला पॅच या अखंड वाकण्यात टिकत नाही, आणि तुटलेल्या कवचधाग्याची जागा रबराचा तुकडा घेऊ शकत नाही. जुने कारागीर येथे हरकत घेतात की, आम्ही साइडवॉलला आतून गेटर लावून गाड्या वर्षानुवर्षे चालविल्या आहेत. ते खरे आहे. परंतु ते टायर एकमेकांना छेदत जाणाऱ्या धाग्यांचे, जाड आणि ताठ साइडवॉलचे होते, आत ट्यूब होती, आणि रस्ते गाडीला वेगाने जाऊ देत नव्हते. मिशेलिनने 1946 साली रेडियलचे पेटंट घेतले तेव्हापासून टायरचे जे तंत्र बदलत गेले, त्यात साइडवॉल पातळ आणि लवचीक झाली. त्या अनुभवाचा दाखला या टायरला लागू पडत नाही.

आता खड्ड्यांविषयी. खड्ड्याच्या धारदार काठावर चाक आदळले असता साइडवॉल रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली जाते, कवचाचे काही धागे तुटतात, आणि त्या जागी हवेचा दाब रबराला बाहेर ढकलून फुगा आणतो. फुगा आलेला टायर त्याच दिवशी बाद करावा. त्यात तडजोड नाही, आणि ‘जरा हळू चालवा’ हा सल्ला देणे म्हणजे जबाबदारी गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकणे होय. पण याच ठिकाणी विक्रेत्यांच्या एका कसुराकडेही लक्ष वेधले पाहिजे. पुष्कळ रेडियल टायरांच्या साइडवॉलवर आत गेलेली एखादी उभी खोलगट रेष दिसते. कवचाचे दोन काठ जेथे एकावर एक घेऊन सांधलेले असतात तेथे धागे दुहेरी होऊन तो भाग अधिक मजबूत होतो, हवा भरल्यावर इतर भागाइतका फुगत नाही, आणि म्हणून खोलगट दिसतो. ही खोलगट रेष निर्दोष असते. ती दाखवून, गिऱ्हाइकाला घाबरवून चार-पाच हजारांचा टायर गळ्यात बांधणारे दुकानदार आहेत, हे आम्ही खेदाने नमूद करतो. बाहेर आलेला उंचवटा आणि आत गेलेली रेष यांतील भेद ज्याला बोटांनी कळत नाही त्याने या धंद्यात निवाडा देण्याचे धाडस करू नये.

बोटांचेच आणखी एक काम आहे. हवा गेलेल्या स्थितीत मैलभर जरी गाडी चालविली गेली असली तरी साइडवॉल आतल्या आत घासून चिरडली जाते. टायर उतरवल्यावर आत रबराचा काळा भुगा सापडतो, अस्तरावर वर्तुळाकार पट्टा उमटलेला दिसतो, हात फिरविला की सुरकुत्या लागतात. बाहेरून अशा टायरला बहुधा काहीही झालेले नसते, आणि पंक्चर अगदी लहान, ट्रेडच्या बरोबर मध्यभागी, दुरुस्तीस सर्वथा पात्र असते. असा टायर दुरुस्त करून देणे हा आपल्या व्यवसायातील सर्वांत सुलभ आणि सर्वांत गंभीर प्रमाद आहे. ‘हवा गेल्यावर गाडी किती चालविली?’ हा प्रश्न विचारावा जरूर, पण उत्तरावर विसंबू नये.

झीज आणि वय यांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 94व्या नियमाने मोटारीच्या टायरची खाच 1.6 मिलीमीटरहून उथळ असू नये असे ठरवून दिले आहे, आणि खाचेतील दर्शक-पट्टी ट्रेडच्या पातळीला आली की हिशेब संपला. मात्र कायद्याची मर्यादा आणि शहाणपणाची मर्यादा एक नव्हे. गोटा होण्याच्या बेतास आलेल्या टायरवर मशरूम पॅचचा खर्च करावयास लावणे हीही गिऱ्हाइकाची एक प्रकारची फसवणूकच. वयासाठी साइडवॉलवरील चार अंकी मजकूर वाचावा, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच वर्षे उलटलेला टायर दरवर्षी नीट तपासावा आणि दहा वर्षांपलीकडे, खाच कितीही खोल असली तरी, तो ठेवू नये, अशी काही प्रमुख उत्पादकांची शिफारस आहे. स्टेपनीच्या बाबतीत ती विशेष विसरली जाते.

या सर्वांची निकड आजच का वाढली, असे कोणी विचारील. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, आणि त्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. गावात महिनोन् महिने तक्रार न करणारी कच्ची दुरुस्ती विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात, त्या वेगाने, तासन् तास तापत राहते; हवा थोडी कमी असली तर साइडवॉल अधिक वाकते, अधिक वाकली की अधिक तापते. अमेरिकेत 2000 साली फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत मागविले ते ट्रेड आणि पट्टे सुटण्याच्या तक्रारींमुळे. तेथे दोष दुरुस्तीचा नव्हता, परंतु उष्णता, वेग आणि कमी हवा एकत्र आल्यावर सुटलेला पट्टा काय करतो, याचा तो पुरेसा दाखला आहे. समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर परिवहन खात्याने टायर तपासून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या अडविल्या हे योग्यच झाले; पण टोलनाक्यावर दिसते ते बाहेरचे. आतले पाहण्याची संधी फक्त आपल्या दुकानातच येते.

स्ट्रिपची सरसकट निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. रात्रीच्या वेळी आडरानात अडकलेल्या कुटुंबाला टपरीतला जो कारागीर स्ट्रिपवर पुढच्या गावापर्यंत पोचवितो त्याचे उपकारच मानले पाहिजेत. शिवाय 2020 च्या दुरुस्तीने, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या लहान गाड्यांना स्टेपनी बाळगण्यातून सूट मिळाल्यापासून अशा तात्पुरत्या उपायांवाचून गत्यंतरही उरलेले नाही. मागणे एवढेच की, तात्पुरत्याला तात्पुरते म्हणावे, आणि स्ट्रिप घातलेला टायर पुढच्या दुकानात उतरवून पाहावा, हे त्या गिऱ्हाइकाला स्पष्ट शब्दांत सांगावे.

आता दुसरा प्रश्न. उतरविणे, साफ करणे, प्रकाशात धरून आतून पाहणे, यात वेळ जातो, आणि शेवटी ‘हा दुरुस्त होणार नाही’ असे सांगितल्यावर गिऱ्हाईक एक पैसा न देता शेजारच्या दुकानात जाते, जेथे शे-दीडशे रुपयांत तोच टायर ‘ठीक’ होतो. प्रामाणिक कारागिराला प्रत्येक नकारागणिक तोटा सोसावा लागत असेल तर तो फार काळ प्रामाणिक राहणार नाही. सबब आमची सूचना अशी की, तपासणीचे शुल्क दुरुस्तीपासून आणि विक्रीपासून वेगळे आकारावे, ते दुकानात फलकावर लिहावे, आणि निवाडा काहीही झाला तरी ते घ्यावे. डॉक्टर प्रकृती पाहण्याचे पैसे घेतो, औषध लागो वा न लागो. औषधाच्या नफ्यावरच जगणाऱ्या वैद्याचा सल्ला कोणी किती मानील? गिऱ्हाईक प्रथम कुरकुर करील हे आम्ही जाणतो. पण त्या पैशांच्या पावतीवर टायरचा आकार, चार अंकी तारीख, खाचेची खोली, इजेची जागा आणि माप, आतील स्थिती व कारणासहित निर्णय एवढा मजकूर लिहून दिला, तर त्याच्या हाती एक दस्तऐवज येतो, आणि शेजारच्या दुकानातील स्वस्त आश्वासनापुढे तो वजनदार ठरतो. पुढे अपघात झाला आणि जबाबदारीचा प्रश्न उपस्थित झाला तर त्याच कागदाची प्रत आपल्याही उपयोगी पडते.

राहिला बाद टायरचा प्रश्न, आणि येथे आपले व्यवसायबंधू फारसे निर्दोष नाहीत. नवा टायर घेणारे गिऱ्हाईक जुना दुकानातच टाकून जाते; त्यांतील बरे दिसणारे टायर जुन्या बाजारात जातात, आणि फुग्यामुळे वा आतल्या भुग्यामुळे आपणच नाकारलेला टायर काही दिवसांनी दुसऱ्याच कोणाच्या गाडीखाली फिरू लागतो. बाद ठरविलेला टायर गिऱ्हाइकाच्या देखत साइडवॉलवर आरपार कापावा आणि नंतरच भंगारात, नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडे द्यावा. 2022 च्या नियमांनी टाकाऊ टायरांची जबाबदारी उत्पादकांवर टाकल्यापासून अशा कापलेल्या मालालाही वाट आहे. जुन्या बाजारात मिळणारे दोनचारशे रुपये यामुळे बुडतात, अशी तक्रार आमच्याकडे येईलच. ती रास्त आहे, आणि म्हणून तपासणीचे शुल्क ठरविताना ती रक्कमही त्यात धरावी, अशी शिफारस आम्ही करतो.