बोहरा मुलीचे नाव काय?

१/ दक्षिण आफ्रिकेची अभिव्यक्तिवादी चित्रकर्ती इर्मा स्टर्न (१८९४–१९६६) हिने १९४५ साली झांझिबारमध्ये एका भारतीय वंशाच्या मुलीचे व्यक्तिचित्र रंगवले. २०१० साली लंडनच्या लिलावात त्याला २० लाख पौंडांहून अधिक किंमत आली. शीर्षक: ‘बहोरा गर्ल’. बोहरा ही जमात आहे, मुलीचे नाव नव्हे, हे भेंडीबाजार पाहिलेल्या वाचकास सांगणे नलगे.

२/ स्टर्नचे समर्थक १९२२चा दाखला देतात. जर्मन-ज्यू कुटुंबातील ही चित्रकर्ती बर्लिनमध्ये माक्स पेखश्टाईनच्या सहवासात घडून केपटाऊनला परतली. तेथील प्रदर्शनाने गोरा समाज खवळला. अनैतिकतेच्या तक्रारीवरून पोलीस आले. जिच्यावर वसाहतवादी चिडले, ती त्यांच्यातली कशी, असा त्यांचा सवाल.

३/ हा युक्तिवाद लंगडा आहे. शैलीतले बंड म्हणजे सत्तेविरुद्धचे बंड नव्हे. ब्रिटिशांच्या आधिपत्याखालील झांझिबार आणि बेल्जियन काँगो येथे ती मुक्तपणे हिंडू शकली, ती वर्णाने मिळालेल्या मोकळिकीमुळे.

४/ पुरावा शीर्षकांतच आहे. ‘अरब धर्मगुरू’, ‘काळ्या वस्त्रांतील अरब’, ‘बोहरा मुलगी’. याउलट १९४३ साली तिने आपली गोरी मैत्रीण फ्रेडा फेल्डमन हिला बासोथो टोपीत रंगवले. टोपी आफ्रिकेची, शीर्षकात नाव मात्र फ्रेडाचे.

५/ यावर आक्षेप येईल: १९१६ साली जर्मनीत रंगवलेल्या युद्धकाळातील मुलीलाही तिने नाव दिले नव्हते; ते चित्र ‘चिरंतन बालक’ म्हणून ओळखले जाते. आक्षेप खरा, पण तोच भेद उघड करतो. जर्मन मुलगी निनावी होऊन साऱ्या मानवजातीची प्रतिनिधी ठरते. झांझिबारची मुलगी निनावी होऊन केवळ आपल्या जमातीचा नमुना उरते. एकीला निनावीपणाने विस्तार दिला, दुसरीला आकुंचन.

६/ म्हणून चित्रे भिंतीवरून उतरवावीत काय? मुळीच नव्हे. स्टर्नच्या कुंचल्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. परंतु अभिव्यक्तिवाद अंतरंग दाखवतो, एवढे म्हणून समीक्षेला सुटता येणार नाही. अंतरंग कोणाचे, बसणाऱ्याचे की रंगवणारीचे? संग्रहालयांनी आणि लिलावगृहांनी चित्रकर्तीच्या प्रवासाइतकाच कसून समोर बसलेल्या व्यक्तींचा शोध घ्यावा. ज्या चेहऱ्याला लाखो पौंड मोजले जातात, त्याच्या नावाची चौकशी करणे हे उपकार नव्हेत. ते थकलेले देणे आहे.