एका काचेतले अनेक समुद्र

घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळे जोपासणारा हौशी माणूस बहुधा एकाच पाण्याकडून परस्परविरोधी अपेक्षा करत असतो. कारण लाटांच्या माऱ्यात वाढणाऱ्या अक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांना प्रखर प्रकाश, जोरदार प्रवाह आणि नायट्रेट व फॉस्फेट यांचे अल्प प्रमाण मानवते, तर अनेक मऊ प्रवाळे मंद उजेडात आणि पोषकद्रव्ये काहीशी अधिक असलेल्या पाण्यातही खुलतात. कठीण प्रवाळांचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने दर लिटरमागे सुमारे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि त्याच्या जोडीला क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, स्थिर राखावी लागते.

मात्र खरा संघर्ष शेजाऱ्यांचा असतो. दिवसा डुलणारे, निरुपद्रवी भासणारे युफिलिया प्रवाळ रात्री दंशपेशींनी भरलेली लांब शुंडके पसरते आणि ती पोहोचतील तिथपर्यंतच्या प्रवाळाची कातडी जळून पांढरा सांगाडा उघडा पडतो. चामड्यासारखे दिसणारे सार्कोफायटॉन प्रवाळ अंतर राखूनही लढते, कारण ते टर्पीन वर्गातील विषारी रसायने पाण्यात सोडते. म्हणूनच ती शोषून घेण्यासाठी जाणकार गाळणीत सक्रिय कोळसा ठेवतात. तरीही सर्व जाती एकाच टाकीत मांडण्याचा अट्टहास संगोपनाचा नसून प्रदर्शनाचा आहे, असेच म्हणावे लागते.

भारतीय हौशींनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी: खडक रचणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने मालवणच्या समुद्रातून त्यांचा तुकडा उचलणेही गुन्हा ठरतो.