पडदा गुंडाळल्यानंतर

सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सरकारी प्रचार-विभागाची जीप गावात आली की त्या दिवशी शाळेत आमचे लक्ष लागत नसे. सायंकाळी चौकात दोन बांबूंवर पांढरा पडदा ताणला जाई, सोळा मिलिमीटरच्या यंत्राची घरघर सुरू होई आणि पोती, चटया, घोंगड्या घेऊन सारे लोधीखेडे त्यासमोर येऊन बसे. पुढे जागा मिळाली नाही तर आम्ही मुले पडद्यामागे बसून उलटा सिनेमा पाहत असू. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे ते माहितीपट. शेती, आरोग्य, धरणे, लहान कुटुंब हे त्यांचे विषय. चित्रपट संपला की पडदा गुंडाळला जाई आणि जीप पुढच्या गावी निघे. घरी परतताना वडीलधारी मंडळी पडद्यावरच्या बैलजोडीची तारीफ करीत. खताचे प्रमाण मात्र कोणाच्याच ध्यानात राहिलेले नसे.

हे स्मरण्याचे कारण असे की, अलीकडे त्या जीपवाल्याची भूमिका आमच्याकडे आली आहे. शाळेच्या प्रांगणात पर्यावरणविषयक चित्रपट दाखवावेत आणि त्यानंतर गावकऱ्यांपुढे चार शब्द बोलावे, असा उपक्रम आम्ही २०२४ साली आरंभिला. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. तीत आमच्या फजितीचाही भाग आहे; तो वगळला तर हकीकतीत फारसे काही उरणार नाही.

ही कल्पना आमची नव्हे. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक चित्रपटगृहात प्रत्येक खेळाच्या वेळी पर्यावरणासंबंधी निदान दोन संदेशपट्ट्या विनामूल्य दाखवाव्यात, असा आदेश दिला होता. आकाशवाणी, दूरदर्शन व शाळा यांनाही त्यात कर्तव्ये नेमून दिली होती. प्रौढ वाचकांना टॉकीजमधील त्या पट्ट्या आठवत असतील, आणि त्या वेळी आपण शेंगदाणे घेण्यास बाहेर गेलो होतो हेही आठवत असेल. पुढे २००६ साली अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या व्याख्यानावर आधारलेला ‘ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रुथ’ हा माहितीपट जगभर गाजला. एका मनुष्याने पडद्यापुढे उभे राहून आलेख दाखवावेत आणि लोकांनी तिकीट काढून ते पाहावेत, हे नवल त्याने घडवले. २००७ पासून पुण्यात किर्लोस्कर वसुंधरा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि तो पुढे इतरही शहरांत पोहोचला. तेव्हा मार्ग मळलेला होता. त्यावर चालणे सोपे असेल, असा आमचा समज होता.

पहिला प्रयोग आम्ही २२ एप्रिल २०२४ रोजी, वसुंधरा दिनी केला. शाळेच्या भिंतीवर धुतलेली चादर बांधली. ध्रुवाकडील वितळत्या बर्फाचा एक सुंदर माहितीपट दाखवला. शहरातून एक विद्वान प्राध्यापक मुद्दाम बोलावले होते. त्यांनी शुद्ध हिंदीत सांगितले की २०२३ हे तोवरच्या नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले असून पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने सुमारे १.४५ अंशांनी वाढले आहे. सर्व विधाने अचूक होती. आम्ही आभाराचे भाषण मनात जुळवीत असता मागच्या रांगेतून एक वृद्ध शेतकरी उठले आणि म्हणाले, “गुरुजी, थो बर्फ तिकडं वितळून रायला, हे पाह्यलं. पण आमच्या इहिरीचं पाणी फेब्रुवारीतच कावून आटते, थे सांगा ना.”

प्राध्यापकांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही प्राध्यापकांकडे पाहिले. मग आम्ही चहा झाल्याची घोषणा केली.

त्या रात्री झोप आली नाही. उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. ते त्या चित्रपटाशी जोडून सांगण्याची तयारी आम्ही केली नव्हती. आमचा हा सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख संत्र्याचा. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडांचे पाणी तोडून ती ताणावर सोडतात. ताण नीट बसला म्हणजे थंडी ओसरताच फूल धरते. नेमका त्याच काळात अवकाळी पाऊस आला की ताण मोडतो, फुलाऐवजी नवती फुटते आणि वर्ष हातचे जाते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट येथील कोणीही विसरलेले नाही. मे महिन्यात उष्मा वाढला की फळांची गळ होते. गळ थांबविण्यासाठी पाणी अधिक द्यावे लागते. ते पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून उपसावे लागते. ध्रुवावरचा बर्फ आणि लोधीखेड्याची विहीर यांमधील सांधा तो हाच. प्राध्यापकांना संत्र्याचा ताण ठाऊक नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होता ते आम्ही यजमानपणात गुंतलो होतो.

पुढचा पाठ आम्हांस शेजाऱ्यांकडून मिळाला. पांढुर्ण्याला लागूनच अमरावती जिल्ह्याचा वरूड तालुका आहे. तोही संत्र्याचा आणि भूजलाच्या अतिउपशाने गांजलेला. २०१६ साली पानी फाउंडेशनने पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली, तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत सातारा जिल्ह्यातील कोरेगाव व बीडमधील अंबाजोगाई यांच्यासह वरूड होते. ११६ गावांनी भाग घेतला आणि पहिले पारितोषिक कोरेगावातील वेळू गावाला मिळाले. पुढील वर्षी स्पर्धा तीस तालुक्यांत झाली आणि वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील काकडदरा हे छोटेसे गाव पहिले आले. या साऱ्यात चित्रपटाचा वाटा मोठा होता. गावाने आपली माणसे प्रशिक्षणास धाडायची. तेथे त्यांनी पाणलोटाचे माहितीपट पाहायचे आणि लगेच शिवारात जाऊन उतार मोजायचा, समतल चर आखायचा, माती हातात घ्यायची. परतल्यावर तेच त्यांनी आपल्या गावाला शिकवायचे. पडदा गुंडाळल्यानंतर तेथे खरे काम सुरू होई.

तेथील उणीवही सांगितली पाहिजे. पाणी अडवले, जिरवले, पण उपसा कोणी मोजला नाही तर जिरलेले पाणी ज्याची कूपनलिका खोल त्याच्याच वाट्याला जाते, असा आक्षेप जाणत्यांनी घेतला होता. २०१९ नंतर वॉटर कप थांबला आणि २०२० पासून आलेल्या समृद्ध गाव स्पर्धेत पाण्याच्या ताळेबंदालाही स्थान मिळाले, हे त्या दृष्टीने योग्यच झाले.

स्पर्धेची हद्द राज्याच्या सीमेशी संपत होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती सीमा आमच्या नि वरूडच्या मधून गेली. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला तरी ती तेथेच आहे. परंतु मराठी माहितीपटाला समजून घेण्यास कोणत्याही राज्याचा दाखला लागत नाही. २०२५ च्या एप्रिलात आम्ही पाणलोटाचे असेच छोटे माहितीपट मिळवले, व्याख्याता कोणीही बोलावला नाही, आणि बोलण्याची भाषा घरचीच ठेवली. आमची शाळा हिंदी माध्यमाची. मुले ‘जलवायु परिवर्तन’ पाठ करतात आणि घरी आजीला ते सांगता येत नाही. त्या सायंकाळी प्रथमच बायका बोलल्या. नळाला पाणी चार दिवसांआड येते तेव्हा घरात कोणाची झोप मोडते, हे एका भगिनीने इतक्या नेमकेपणाने सांगितले की मागे बसलेले पुरुष खाली पाहू लागले.

त्यानंतर आम्ही उपशाविषयी बोलू लागलो. जगात सर्वांत अधिक भूजल आपला देश उपसतो. प्रत्येकाने खोल जाण्याची शर्यत लावली तर शेजाऱ्याची विहीर आधी कोरडी पडते आणि मग आपली. आवाज चांगला लागला होता. तोच आमचा एक जुना विद्यार्थी उभा राहिला. अत्यंत आदराने, हात जोडून त्याने विचारले, “गुरुजी, तुमच्या बगीच्यात बोर किती हायेत?”

वाचकहो, तीन आहेत. तिसरा २०१९ साली घेतला, पहिले दोन आटले म्हणून. शेजारच्या ज्या विहिरीचे पाणी त्यानंतर उतरले, ती त्याच विद्यार्थ्याच्या वडिलांची. हे गावात सर्वांना माहीत होते. ते आम्हांस माहीत नाही असे आम्ही सहा वर्षे मानून चाललो होतो. आम्ही संख्या सांगितली. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. तिसरा बोर पूर्ण बंद करणे जमले नाही. बगीचा धाकट्या बंधूंशी सामाईक आहे आणि त्यांच्या मुलीचे शिक्षण त्यावर चालते. घरात दोन महिने बोलणे तुटक राहिले. शेवटी जुनी, दुबळी झालेली झाडे काढून तेथे तूर घेण्याचे ठरले. उरलेल्या झाडांना ठिबक केले आणि तो बोर एक दिवसाआड, ठरलेल्या वेळेपुरताच चालवायचा असे त्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या ओसरीवर बसून कबूल केले. पावसाळ्यात शिवाराचे वाहते पाणी गोटे-वाळूच्या खड्ड्यातून गाळून जुन्या विहिरीत सोडण्याची सोय केली. उत्पन्न घटले आहे. विहिरींचे पाणी वाढले असे आज छातीठोकपणे म्हणता येणार नाही. एका पावसाळ्यावरून निष्कर्ष काढू नये, एवढे आम्ही मुलांना शिकवतोच.

मुलांनी मात्र एक काम अंगावर घेतले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, गाठी मारलेल्या दोराला दगड बांधून, सात विहिरींचे पाणी किती खोल आहे ते मोजायचे आणि शाळेच्या दर्शनी फळ्यावर लिहायचे. आमच्या बगीच्यातील विहीर त्यात पहिली आहे. ती आम्हीच पहिली घालण्यास सांगितली. फळ्यासमोर आता थोरांचीही गर्दी होते. मध्यंतरी २०२४ ने २०२३ चा उच्चांक मोडल्याचे वृत्त आले आणि जागतिक हवामान संघटनेने तापमानवाढ सुमारे १.५५ अंश सांगितली, तेव्हा एका मुलाने तो आकडा आपण होऊन विहिरींच्या आकड्यांखाली लिहिला. प्राध्यापकांचे व्याख्यान एक वर्षाने गावात पोहोचले, असे आम्हांस त्या दिवशी वाटले.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या मंडळांतून गणेशोत्सवात चित्रपट व व्याख्याने होतच असतात. पर्यावरणावरचा चित्रपट लावण्याचा विचार कोणी करीत असेल तर दोन गोष्टी सुचवतो. चित्रपट अर्ध्या तासाहून मोठा नसावा आणि बोलणे घरच्या भाषेत व्हावे. नगरात विहीर नसली तरी मंडळाच्या इमारतीतला बोर असतो, टँकर असतो, गच्चीवरून ओसंडणारी टाकी असते. त्यांचा हिशेब कार्यक्रमापूर्वी काढून ठेवावा. कारण तो प्रश्न कोणीतरी विचारणारच, आणि तो प्रथम व्यासपीठावर बसलेल्यांनाच विचारला जाईल.

आमचा पुढील खेळ येत्या एप्रिलात आहे. चादर तीच, भिंत तीच. त्या दिवशी चित्रपटाआधी फळ्यावरचे बारा महिन्यांचे आकडे वाचून दाखवायचे असे मुलांनी ठरवले आहे. पहिल्या विहिरीचे आकडे आम्ही वाचायचे, असेही त्यांनीच ठरवले आहे.